जो आधी बोलेल

१० फेब्रुवारी १९६९, सोमवार, जबलपूर

सकाळी इतिहासाचे शरच्चंद्र सर सांगतात, रोज चार ओळी तरी लिहून ठेवा, शंभर वर्षांनी कुणाच्या तरी कामी येतील. संध्याकाळी कायद्याच्या वर्गात दुसरे सर सांगतात, काही लिहून ठेवू नका, उद्या तेच तुमच्या अंगावर येईल. एम.ए. आणि एल्एल.बी. एकदम करणाऱ्याची ही गत आहे. आज मी सकाळच्या सरांचं ऐकतो, कारण दुसरं काही सुचत नाही.

कॉलेजने परीक्षा एप्रिलमधून ओढून मार्चमध्ये आणली, म्हणून आज संध्याकाळच्या वर्गाचे आम्ही सगळे ऑफिससमोर जमलो होतो. निम्मे लोक दिवसभर नोकरी करून येतात, त्यांनी वाचायचं कधी? घोषणा चालल्या होत्या. मीही ओरडत होतो आणि ओरडायला मजा येत होती, हे खोटं कशाला बोलू. मग बागेच्या कडेला रचलेल्या दगडांतला एक उडाला. खिडकीची काच फुटली आणि आतून जो आवाज आला तो अजून कानातून जात नाही. चपराशी तुळशीराम नेमका खिडकी लावायला उठला होता. दोन्ही हातांनी डोळा दाबून तो बाहेर आला. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं आणि तो कुणावर ओरडतही नव्हता, नुसता "अरे, अरे" म्हणत होता.

सगळे पळाले. मीही पळालो. भंवरताल बागेपाशी सायकल थांबवली तेव्हा शेजारी हेमचंद्र होता. दोघांनाही धाप लागली होती. तो एकदम हसायला लागला, मग हसता हसता त्याला उलटी झाली.

दगड कुणी मारला ते मी पाहिलं आहे. नाव आज लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस लागली. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली आहे. दोषी सापडला की दोन वर्षांसाठी रस्टिकेट, म्हणजे कॉलेजातून बाहेर. एल्एल.बी.ही गेली, एम.ए.ही गेलं. शिवाय रस्टिकेट झालेल्याला वकिलीची सनद कोण देणार? सरकारी नोकरी तर विसराच. नोटिशीपुढे उभा असताना मला वाटलं, मागे उभे असलेले सगळे माझ्याच पाठीकडे बघत आहेत. वळून बघितलं तर दोघेच होते, आणि ते सिनेमाबद्दल बोलत होते.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काय रे गुणवंता, चेहरा काहून उतरला?" बाबा फॅक्टरीत लेथवर आहेत, गुलाबराव म्हटलं की आमच्या अख्ख्या घमापुरात कुणीही घर दाखवतं. काळा कोट शिवायचं कापड त्यांनी आताच बघून ठेवलं आहे. दुकानदाराला सांगून आले, "पोरगा वकील होऊन राहिला, जरा चांगलं दाखव." अजून परीक्षाही झालेली नाही म्हटलं तर म्हणतात, कापड तोवर कुठं पळतं.

मी म्हणालो, डोकं दुखतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकतो. दगड हेमचंद्रने मारला. माझ्या उजव्या बाजूला उभा होता. वाकला, उचलला आणि मारला. नेम धरला नव्हता, काच फुटावी एवढंच त्याच्या मनात असणार. मारून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

माझ्या वहीतल्या माझ्या शब्दाला पुरावा म्हणून कवडीचीही किंमत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी सांगणार नाही. हेमचंद्र माझा मित्र आहे. राइट टाऊनमधलं त्याचं घर मराठ्यांच्या कारभारापासून इथलं. त्याचे काका विष्णुपंत हायकोर्टात वकील आहेत आणि कॉलेजच्या व्यवस्थापनातही आहेत. हा मुलगा पहिल्या वर्षापासून आमच्या दोन खोल्यांत येऊन मांडी घालून जेवतो. आईच्या हातची भाकरी मागून घेतो. पहिल्यांदा जेवला तेव्हा तो गेल्यावर आई, हो शेवंता गुलाबराव, जी कुणापुढे रडत नाही, ती रडली होती. अशा माणसाचं नाव मी घेणार का? मी घेतलं नसतं तसं त्यानेही माझं घेतलं नसतं.

आजही आला होता. दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठला. म्हणाला, "गुण्या, मला झोप नाही यार. कुणी पाहिलं असेल का?"

मी म्हणालो, "मी पाहिलं. आणि मी काही बघितलं नाही."

त्याने माझा हात घट्ट धरला. डोळे भरले होते. त्या क्षणी मी माझी भीती विसरलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

हेमला घेऊन ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेला पाणी कमी आहे. पायऱ्यांवर बसून मी माझ्या प्रबंधाबद्दल बोलत सुटलो, कारण दगडाचा विषय नको होता.

माझा विषय ठगांचे खटले. टोळी पकडली की इंग्रज त्यातल्या एकाला फोडायचे. जो आधी तोंड उघडेल त्याची फाशी टळायची. बाकीचे त्याच्या शब्दावर फासावर जायचे. असे माफीचे साक्षीदार पुढे इथेच जबलपुरात पहाऱ्यात ठेवले, गालिचे विणत म्हातारे झाले. शरच्चंद्र सर म्हणतात, इतिहासकाराने या माणसांना शिव्या देऊ नयेत, त्यांना समजून घ्यावं. मला अजून ते जमत नाही. ज्यांच्याबरोबर एका चुलीवर जेवलात त्यांना दोरीवर चढवायचं म्हणजे काय!

हेमने आजवर माझ्या प्रबंधाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. आज मात्र कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "पण अशा माणसावर कोर्ट विश्वास कसा ठेवतं? तो स्वतःच चोर."

मग काय, मी रंगात आलो. पुराव्याच्या कायद्याचं कलम १३३ सांगितलं. गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते, पण दुजोरा लागतो, बाहेरचा काहीतरी पुरावा, मग तो लहानसा का असेना. आणि दुसरं, जो स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवतो त्याच्यावर न्यायाधीश विश्वास ठेवत नाही. जो स्वतःच्याही अंगाला थोडा चिखल लावून घेतो, त्याचं ऐकतो.

"थोडा म्हणजे किती?" हेमने विचारलं.

"आपण तिथं होतो, आपणही हात लावला, एवढं तरी."

"अच्छा," तो म्हणाला आणि खूप वेळ पाण्याकडे बघत बसला. विषयाची गोडी लागली वाटतं. परीक्षेत हा प्रश्न नक्की येतो, तेव्हा त्याचा अभ्यास तरी झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज भीतीने सकाळचा तास सोडला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत देवीदास आला. आमच्याच वस्तीतला, माझ्याच वर्गात, दिवसा कॉलेजच्याच ऑफिसात हंगामी कारकून आहे. कमी बोलतो. त्या दिवशी तोही मागच्या व्हरांड्यात होता. मला वाटत होतंच की तो ऑफिसवाल्यांना नावं पुरवत असणार. काल तो हेडक्लार्कशी कोपऱ्यात कुजबुजताना दिसला होता.

दारातच उभा राहून म्हणाला, "गुणवंत, एक सांगू? रागावशील."

"बोल."

"त्या हेमचंद्रपासून जरा दूर राह्य. तो आपल्या काकाबरोबर प्राचार्यांच्या बंगल्यावर जाऊन राहिला. दोनदा पाहिलं मी."

मी म्हणालो, "काका व्यवस्थापनात आहेत. जाणारच."

"मग तू काहून नाही जाऊन राहिला त्याच्यासंगं?"

मला संताप आला. म्हणालो, तो आमच्या घरी जेवतो हे तुझ्या डोळ्यांत खुपतं, दुसरं काही नाही. स्वतःची नोकरी पक्की करायला तू काय काय करतोस ते मला ठाऊक आहे. देवीदास चपला घालून गेला. आईने आतून विचारलं, "चहा न घेता गेला का तो?"

संध्याकाळी हेमला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे, गरीब आहे बिचारा." काका आमच्याचसाठी प्राचार्यांना मऊ करत आहेत, असंही त्याने सांगितलं. मी निश्चिंत व्हायला हवं होतं. झोप मात्र आली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तुळशीरामचा डोळा वाचत नाही, असं कळलं. हेमनेच सांगितलं. म्हणाला, "गुण्या, माझ्या मनाला फार लागलं आहे. कुणीतरी त्याला भेटायला पाहिजे."

"मग तू जा."

"मी कसा जाऊ? दवाखान्यात अर्धे लोक काकांना ओळखतात. लगेच बोभाटा होईल. तू जा ना यार. तुझं मन साफ आहे, तुला कसली भीती?"

खरंच होतं. मी मारला नाही तर मी का भ्यायचं? रस्त्यात हेमने संत्री घेतली आणि पिशवी माझ्या हातात दिली. विक्टोरिया दवाखान्याच्या फाटकासमोर तो चहाच्या टपरीवर थांबला, मी आत गेलो.

तुळशीराम कडेच्या खाटेवर पडला होता. अर्ध्या तोंडाला पट्टी. जवळच्या पाटण गावाहून त्याची म्हातारी बहीण आली होती, ती पायाशी बसली होती. वॉर्डातल्या नर्सबाईने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. लपवायचं कशाला?

मी संत्री ठेवली. "कैसे हो तुळशीराम?"

त्याने एका डोळ्याने मला निरखलं. "आप लॉ वाले हैं ना बाबू?"

"हाँ."

"आपने मारा क्या?"

"नहीं, नहीं! कसम से नहीं."

"तो फिर संतरे काहे लाए?"

बहीणही माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी बडबडलो, मला वाईट वाटलं म्हणून आलो, असंच काहीतरी, आणि निघालो. त्या खाटेपासून दारापर्यंत पाठीवर त्याचा तो डोळा होता. बाहेर हेमने चहा सांगून ठेवला होता. "आत कुणी होतं? नर्स वगैरे?" त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. पुण्य लागेल."

आमच्याकडे पाप-पुण्याची भाषा बाबा चालू देत नाहीत, पण ते वाक्य ऐकून बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

समितीने बोलावलं. शुक्रवारी सकाळी. फक्त दोघांना, मला आणि हेमचंद्रला.

दोघांनाच का? तिथं एवढे लोक होते. मी नोटीस परत परत वाचली. सायकल हातात धरून चालत घरी आलो. कुणीतरी आमचं नाव दिलं आहे. देवीदासच. दुसरं कोण? आज ऑफिसच्या खिडकीतून त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. भित्रा माणूस असाच मान खाली घालतो.

समितीत प्राचार्य, विष्णुपंत आणि शरच्चंद्र सर आहेत. दोन माणसं तरी आपली, असं मी स्वतःला समजावतो आहे. सर माझा प्रबंध तपासताना समासात "छान" लिहितात. विष्णुपंतांनी गणपतीत मला घरी बोलावून करंजी खायला घातली होती. असे लोक माझं वाईट कशाला करतील?

हेम संध्याकाळी आला. मी त्याला म्हणालो, "हेम, आता तू स्वतःच सांगून टाक. चुकून लागला म्हण. काका आहेत, फार तर दंड होईल."

तो मग म्हणाला, "सांगेन. मी आधी जातो आत. मी सांगितलं की तुला काही विचारणारच नाहीत."

मला त्याचा इतका अभिमान वाटला! हेम श्रीमंत घरचा असला तरी छातीचा आहे. आईने त्याला वांग्याचं भरीत वाढलं. आज त्याने पोटभर खाल्लं. जाताना तिच्या पाया पडला. आई गोंधळली, "अरे बापू, हे काय करून राहिला," म्हणत मागे सरकली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या.

बाबांना शेवटी सांगावं लागलं. दगड कुणी मारला ते सांगितलं नाही, हेमला शब्द दिला आहे. एवढंच म्हणालो, चौकशी आहे, विचारतील आणि सोडतील. बाबा म्हणाले, "मी येतो. प्राचार्यांच्या पुढं हात जोडतो."

"बाबा, नका. हात कशाला जोडायचे? मी काही केलं नाही."

"आपण काही केलं नसलं तरी आपल्याले विचारतेत, एवढं मले समजते, गुणवंता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. बाहेर उभा राहीन. आत नाही येत."

बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे त्यांनी मेणबत्ती लावली. आईला भीती वाटते का विचारलं तर ती म्हणाली, "हेम आहे ना संगं? मग कशाले भेता तुम्ही दोघं बापलेक?" ती भाजी निवडत राहिली. उद्या काम झालं की दोघंही जेवायला या, असं तिने हेमला आधीच सांगून ठेवलं आहे.

मी खोटं का बोलू? मला भीती वाटते. हेमची नाही, समितीची. आतल्या खुर्च्यांची. कायदा शिकतो मी आणि खुर्च्यांना भितो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस अजून मावळलेला नाही. जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. हेम आत गेला. खूप वेळ लागला. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी वाक्यं जुळवत होतो, चुकून लागला, हेतू नव्हता, आयुष्याचा प्रश्न आहे. तो बाहेर आला तेव्हा त्याचं कपाळ कोरडं होतं. माठातलं पाणी प्यायला. म्हणाला, "जा. काही नाही होत."

आत विष्णुपंत अगदी मायेने बोलले. "बस, गुणवंत. पाणी घेतोस?" नको म्हणालो. मग म्हणाले, "तू तुळशीरामला भेटायला गेला होतास?"

"हो."

"संत्री घेऊन?"

"हो."

"नर्सने नाव विचारलं, तू सांगितलंस. त्याने विचारलं, मारला नाही तर संत्री का? तू काय उत्तर दिलंस?"

हे यांना कसं ठाऊक? आधी वाटलं तुळशीरामने सांगितलं. मग आठवलं की मी हे अजून एका माणसाला सांगितलं होतं, टपरीवर, चहाचा घोट घेत.

विष्णुपंत पुढे म्हणाले, "हे बघ. तुझ्या मित्राने स्वतःला काही वाचवलं नाही. दगड त्याने उचलून तुझ्या हातात दिला, हे त्याने कबूल केलं. मारलास तू. तो म्हणतो, काच फोडायची होती, डोळा फोडायचा नव्हता. मला ते पटतं. आणि दुजोरा म्हणून ही तुझी दवाखान्याची भेट आहेच."

दुजोरा. ग्वारीघाटाच्या पायरीवर बसून मी त्याला शिकवलेला शब्द. अंगाला किती चिखल लावायचा, तेही मीच सांगितलं होतं. मी टेबलाची कड धरली.

मी म्हणालो, "दगड हेमचंद्रने मारला. मी पाहिलं आहे."

प्राचार्यांची पेन्सिल हललीसुद्धा नाही. विष्णुपंतांनी शांतपणे विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तो मित्र आहे."

"अच्छा. आणि आता नाही?"

मी देवीदासचं नाव घेतलं. तो मागच्या व्हरांड्यात होता, त्याला विचारा. विष्णुपंत म्हणाले, विचारलं, तो म्हणतो मी काही पाहिलं नाही. नऊ दिवसांपूर्वी माझ्या दारात काहीतरी सांगायला आला होता तो, आणि मी त्याला काय काय बोललो! त्याला नोकरी टिकवायची आहे. त्याने माझ्यासाठी ती का घालवावी?

मग मला एकच गोष्ट सुचली. साक्षीदाराला आरोपीसमोर उभं करा, उलट विचारू द्या. खोटं बोलणारा माणूस तोंडावर टिकत नाही, असं आम्हाला शिकवलं आहे. मी म्हणालो, "सर, उसे बुलाइए. मेरे सामने बोले."

प्राचार्य चिडले. "ये कोर्ट नहीं है."

शरच्चंद्र सर इतका वेळ काहीच बोलले नव्हते. ते म्हणाले, "बुला लीजिए साहब. इतना तो उसका हक है." माझ्या जिवात जीव आला. मला खात्री होती. हेम माझ्याकडे बघून हे बोलू शकणार नाही. तीन वर्षं ज्याच्या घरी जेवला त्याच्या तोंडावर! तो रडेल, कोसळेल, सांगेल.

हेम आत आला. माझ्या शेजारीच उभा राहिला.

मी म्हणालो, "हेम, माझ्याकडे बघ. दगड कुणी मारला, माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं. अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून. त्याचे डोळे भरून आले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवार आवाजात म्हणाला, "गुणवंत, बोल दे ना यार अब. मैंने भी तो अपना बोल दिया."

इतक्या मायेने तो माझ्याशी आजवर कधी बोलला नव्हता. मला वाटतं, तोवर त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं. शरच्चंद्र सरांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तिथेच सगळं संपलं, हे मला कळलं.

दोन वर्षं. दोन्हीकडून. हेमला ताकीद.

बाहेर बाबा फॅक्टरीच्या कपड्यांतच सायकल धरून उभे होते. मी दिसताच पुढे आले. म्हणाले, "हेमचंद्र भेटला आत्ताच. म्हणे, काका, मी सगळं सांगून टाकलं, माझ्याच्यानं झालं तेवढं केलं. लई चांगलं पोरगं आहे रे."

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग चालता चालता, घमापूरच्या चौकापर्यंत, मी त्यांना सगळं सांगितलं. दगड, घाट, संत्री, खांद्यावरचा हात. बाबांनी एकदाही मध्ये थांबवलं नाही. सायकलची घंटी उगाच अंगठ्याने दाबत राहिले. चौकात आल्यावर म्हणाले, "घरी सांगू नको आता. तुझ्या आईनं त्याच्यासाठी बी जेवण करून ठेवलं आहे. मी सांगतो तिले. हळूहळू सांगतो."

घरी आलो. दोन ताटं मांडलेली होती. आईने विचारलं, "झालं का? अन् हेम कुठं आहे?"

बाबांनी तोंड धुवायला पाठ फिरवली. मी म्हणालो, "आई, तो नाही यायचा आता."

"काहून नाही यायचा? मी सांगितलं होतं त्याले. काकांसंगं गेला असन. येईन, भूक लागली की येईन." तिने त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं आणि मला वाढलं.

मी दोन घास खाल्ले. आता खाटेवर बसून हे लिहितो आहे. आई दारात उभी आहे, गल्लीत कुणाची सायकल वळली की डोकावून बघते. बाबांनी तिला अजून काही सांगितलेलं नाही. आणि मला या घटकेला रस्टिकेटची, सनदेची, कशाचीच भीती वाटत नाही. तो खरंच येईल, मांडी घालून बसेल आणि पोटभर जेवेल, याची भीती वाटते.